पोटरीवरचा तीळ

रविवारी दुपारची जेवणं उरकली, तशी बेबीच्या भाचीनं, म्हणजे दादा-वहिनीच्या लेकीनं, टेबल पुसून कोरडं केलं, त्यावर हॉस्पिटलचा चार पानी फॉर्म पसरला आणि पेनाचं टोपण दातांत धरलं. सोमवारी सकाळी दहाला कॅन्सरच्या सर्जनबाईंची वेळ मिळाली होती. जाताना फॉर्म भरून न्यायचा होता, आणि या घरात फॉर्म नीट भरण्याची अक्कल फक्त आपल्यालाच आहे अशी तिची शाळेपासूनची समजूत होती. आता तर ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, त्यामुळे तिला कोणी अडवायच्या भानगडीत पडत नसे.

वहिनी समोर बसली होती, डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब करून. पोटरीवर पांढरी पट्टी होती. त्वचेच्या डॉक्टरांनी दहा दिवसांपूर्वी तिथला काळा डाग कापून तपासायला पाठवला होता आणि शुक्रवारी रिपोर्ट हातात पडला होता. मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. कातडीलाही कॅन्सर होतो हेच मुळी घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दादा तर तो शब्द दर वेळी वेगळाच उच्चारत होता आणि दर वेळी लेक तो सुधारत होती.

"डाग पहिल्यांदा कधी लक्षात आला?"

"दीड महिना झाला असेल," वहिनी म्हणाली.

"रक्त?"

"थोडं. मोजा ओला व्हायचा."

बेबी टेबलाच्या टोकाला मटार सोलत होती. बेबी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय बावन्न, पण घरात नाव बेबीच राहिलेलं. लग्न मोडून ती माहेरी परतली त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यातली चोवीस वर्षं खालच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोल्यांत, तिचं पार्लर चालू होतं. त्या खोल्या तिला मिळाव्यात म्हणून सासऱ्यांशी भांडली होती ती वहिनी. सख्खा भाऊ गप्प बसला होता.

"यापूर्वी त्या जागेवर काही केलं आहे का?" भाचीनं वाचलं. "कापणे, जाळणे, खरवडणे, मशीनने काढणे?"

बेबीचा अंगठा शेंगेतच राहिला.

"नाही," वहिनी म्हणाली. तिनं बेबीकडं पाहिलंसुद्धा नाही. "लिही, नाही."

"आई, अगं रिपोर्टमध्ये लिहिलंय. आत जुन्या जखमेचा वण आहे म्हणून. त्या डॉक्टरांनीही तुला दोनदा विचारलं."

"लागलं असेल काहीतरी. पोस्टात दिवसभर त्या लोखंडी पेट्यांतून वाट काढायची. कधी काय लागतं, कोण लक्षात ठेवतं?"

भाचीनं 'नाही'च्या चौकटीत खूण केली आणि पान उलटलं.

"हिची खोडच आहे अंगावर काढायची," खिडकीपाशी बसलेली आई म्हणाली. बेबी आणि दादाची आई, वय एक्याऐंशी. शब्द वहिनीला होते, नजर मात्र बाहेर रस्त्यावर. "वेळेत सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती."

"आई, पुरे," दादा म्हणाला. तो लिफ्टचा मेकॅनिक. आयुष्यभर इमारतींच्या पोटात शिरून त्यानं दोर आणि चाकं दुरुस्त केली होती. "चूक माझी आहे. चौदाव्या मजल्यावरची लिफ्ट कुरकुरली तर मला तळघरात ऐकू येतं. आणि बायकोचा पाय काळा पडला तो दिसला नाही. एका पलंगावर झोपतो आम्ही."

त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. भाची पेन ठेवून त्याच्याजवळ गेली. वहिनी "अहो, काय हे" म्हणाली. बेबी मटारचं भांडं उचलून स्वयंपाकघरात गेली, कारण तिथून उठणं एवढंच तिला सुचलं.

आठ महिन्यांपूर्वीची शनिवारची दुपार होती. पार्लर बायकांनी भरलेलं. वहिनी पायाचं वॅक्स करायला खाली आली होती. बेबीनं पट्टी ओढली तशी पोटरीवरच्या तिळातून रक्त आलं. तीळ जुना होता, पण आधी मोहरीएवढा असायचा. आता तो शर्टाच्या बटणाएवढा झाला होता, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला तपकिरी आणि एका बाजूला शाईसारखा काळा.

"बेबी, हा वाढलाय गं," वहिनी हळूच म्हणाली होती. "डॉक्टरांना दाखवू का?"

"एवढ्याशा मसासाठी डॉक्टर? थांब, मशीननं दोन मिनिटांत उडवते."

"नको. राहू दे."

तेव्हा बेबी मागं वळून पार्लरमधल्या बायकांना म्हणाली होती, "बघा बरं, सगळ्या गावानं माझ्याकडून मस काढून घेतले आणि घरच्या माणसाला माझा भरवसा नाही!" सगळ्या हसल्या होत्या. वहिनीही हसली आणि तिनं पाय पुढं केला. मस जाळायचं हे मशीन तेव्हा नवीन होतं, 'सगळं गाव' ही नुसती बढाई. तीन दिवसांच्या शिबिरात शिकून बेबीनं ते आणलं होतं. घरच्याच माणसावर चालवलेलं चार बायकांना दिसलं तर बरं, असा एक विचार तेव्हा तिच्या मनात आलाच होता. आता तोच विचार जिवाला खात होता. जळल्याचा वास आला, खपली पडली, ती तिनं कापसात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

स्वयंपाकघराच्या दारात आई काठी टेकत येऊन उभी राहिली.

"गप्प राहिलीस ते बरं केलंस," ती खालच्या आवाजात म्हणाली.

बेबी चरकली. "तुला माहीत आहे?"

"त्या दिवशी तू माझ्या डोक्याला रंग लावून बसवलं होतंस. कान झाकले होतेस. डोळे उघडे होते."

"मग मघाशी तिलाच का बोललीस?"

"कुणाला तरी बोलायला हवं होतं." आईनं स्टूल ओढून घेतलं. "ऐक. आता सांगून तिचा पाय बरा होणार आहे का? नाही ना? तिला नवरा आहे, लेक आहे, पोस्टातली नोकरी आहे. तुला काय आहे? ते एक पार्लर. बभ्रा झाला तर उद्यापासून एक बाई पायरी चढायची नाही. आणि ती स्वतःच नाही म्हणतेय, तर तू कशाला उगाच?"

आणि बेबीला हायसं वाटलं. खरंच, अगदी छातीवरचा धोंडा उतरावा तसं. बावन्नाव्या वर्षी आईच्या पदराआड लपायला मिळालं आणि तिला बरं वाटलं. मग बाहेरून भाचीचा आवाज आला, "बाबा, इथं सही करा," आणि ते बरं वाटणं अंगावर उलटलं. केलेल्या चुकीची लाज तिला शुक्रवारपासून वाटत होती. पण ही लाज निराळी होती. दोन शेंगा सोलायच्या राहिल्या होत्या, त्या तिच्या हातून सोलवेनात.



सोमवारी तिनं पार्लर उघडलंच नाही. दादा आणि वहिनी रिक्षानं गेले, त्यांच्या मागून अर्ध्या तासानं ती बसनं गेली. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर लांबलचक बाक होते. नाकावर पट्टी लावलेला एक शेतावरचा माणूस, कानाचा वरचा भाग नसलेले एक म्हातारे गृहस्थ, आणि एक कॉलेजातली मुलगी, जिच्या अंगावर कुठंच काही दिसत नव्हतं. बेबी इतकी वर्षं कातडीवर काम करत आली होती आणि असाही एक मजला असतो हे तिला माहीत नव्हतं.

वहिनीचा नंबर पुकारला गेला तशी बेबी त्यांच्या पाठोपाठ आत घुसली.

"तू इथं?" दादा म्हणाला.

"दादा, आधी मला बोलू दे." ती सर्जनबाईंकडं वळली. सर्जनबाई चाळिशीच्या, बारीक केस कापलेल्या; फॉर्मचं दुसरं पान त्यांच्या हातात होतं. "डॉक्टर, त्या फॉर्ममध्ये खोटं लिहिलंय. मी पार्लर चालवते. हिच्या पायावरचा तीळ मी मशीननं जाळला. आठ महिन्यांपूर्वी. ती नको म्हणत होती. मीच चारचौघींत तिला लाजवलं."



सर्जनबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन उघडलं. "दिसायला कसा होता? एकाच रंगाचा?"

"दोन. काळा आणि तपकिरी."

"कडा?"

"वाकड्यातिकड्या."

"वाढत होता? रक्त येत होतं?"

"हो. दोन्ही."

एकेक उत्तर देताना बेबीला कळत होतं की हे सगळं तिनं त्या दिवशी स्वच्छ पाहिलं होतं. डोळे चांगले होते. पाहिलेल्याला काय म्हणतात तेवढं ठाऊक नव्हतं, आणि विचारायची गरज वाटली नव्हती.

"काढलेला तुकडा?"

"कचऱ्यात टाकला."

सर्जनबाईंनी लिहिलं. मग त्यांनी कागदावर एक रेघ काढली. "ही कातडी. मेलानोमा वरच्या थरात सुरू होतो आणि मुळासारखा खाली उतरतो. किती मिलिमीटर खाली गेलाय यावर आमचं सगळं गणित. रिपोर्टमध्ये दोन मिलिमीटरच्या आत लिहिलंय. पण वरचा भाग आधीच जळून गेला असेल तर तो आकडा भरवशाचा नाही. खरी जाडी जास्त असू शकते. हे मला आज कळलं नसतं तर मी कमी कातडी काढली असती."

"मशीनमुळं पसरला का?" दादानं विचारलं. तो बहिणीकडं बघत नव्हता.

"मशीननं कॅन्सर होत नाही आणि पसरला असंही मी म्हणणार नाही. पण वेळ गेला. आणि पुरावा गेला."

"तेव्हाच तुमच्याकडं आलो असतो तर?"

"कदाचित नुसत्या छोट्या ऑपरेशनवर निभावलं असतं. कदाचित नाही. आता ते कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी तो फॉर्म पुढं सरकवला. "खाडाखोड करून खरं लिहा आणि सही करा."

मग त्यांनी पुढचं समजावलं. वणाच्या चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर कातडी काढायची, आत स्नायूच्या पापुद्र्यापर्यंत. खड्डा भरायला मांडीची पातळ कातडी आणून बसवायची. त्याच वेळी वणाशी निळा रंग टोचायचा. तो रंग जांघेतल्या ज्या गाठीत सगळ्यांत आधी पोचेल ती गाठ काढून तपासायची, कारण कॅन्सर निघालाच असेल तर त्याचाही पहिला मुक्काम तिथंच. त्याआधी सगळ्या अंगाचा स्कॅन.

बाहेर आल्यावर दादा बाकावर बसला. "तुला माहीत होतं," तो बायकोला म्हणाला. "तरी तू खोटं बोललीस. डॉक्टरांशी. माझ्याशी. हिच्यासाठी?"

वहिनी म्हणाली, "हिच्यासाठी नाही हो. मी काही एवढी देवमाणूस नाही. तो तीळ वाढतोय हे मला चार महिने आधीपासून दिसत होतं. डॉक्टरकडं जायची हिंमत होत नव्हती. ही उडवते म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. पुन्हा काळं दिसायला लागलं तेव्हाही मी आधी त्याला पट्टी लावून ठेवली. शिकलेली बाई मी, लोकांचे अर्ज तपासते. हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"वहिनी—" बेबी पुढं झाली.

"तू नको बोलूस," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आईला माहीत होतं का?"

बेबीनं मान खाली घातली. तेच उत्तर झालं.

"तू आता वर येत जाऊ नकोस," तो म्हणाला. "खाली राहा. पार्लर तुझं आहे, तुला कोणी काढणार नाही. पण वर येऊ नकोस."

ती वर गेली नाही. ऑपरेशनचं तिला भाचीच्या निरोपांवरून कळत राहिलं. पहिला निरोप भाचीनं पार्लरच्या दारात उभं राहून दिला, सगळ्या बायकांदेखत. "स्कॅनमध्ये बाकी कुठं काही नाही. आणि आत्या, मी साधी खोकल्याची बाटली विकली तरी दहा प्रश्न विचारते. तू एक विचारला नाहीस." बायका आरशात बघत बसल्या. बेबीनं हातातला भुवया कोरायचा दोरा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "खरं आहे तिचं."

ऑपरेशन झालं, आणि गाठीचा रिपोर्ट त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. काढलेल्या दोन गाठींपैकी एकीत अगदी बारीकसा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सापडला होता. म्हणजे पोटरीचं घर सोडून कॅन्सर निघाला होता. जांघेतल्या बाकीच्या गाठी काढायची गरज नव्हती, त्यांच्यावर सोनोग्राफीनं लक्ष ठेवायचं ठरलं. पण वर्षभर इम्युनोथेरपी घ्यावी लागणार होती. दर सहा आठवड्यांनी शिरेतून औषध. शरीराचे स्वतःचे शिपाई या पेशींना ओळखत नाहीत, ते औषध त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढतं, असं भाचीनं सांगितलं. फक्त मोकळे सुटलेले शिपाई कधी कधी घरच्यांवरही हात टाकतात. वहिनीच्या अंगाला खाज सुटली, थायरॉइड बिघडलं, जिना चढताना दोनदा बसावं लागायला लागलं.

आईनं बेबीशी बोलणं टाकलं. "मलाही उघडं पाडलंस," एवढंच ती एकदा जिन्याच्या कठड्यावरून म्हणाली. दादा आईशी मोजकं बोले. त्या घरात सगळ्यांशी बोलणारी आता एकटी आजारी वहिनीच उरली होती.

मशीन बेबीनं भाचीच्या हाती दिलं, मोडीत काढायला. मग एका सोमवारी तिनं वर्षभराच्या भेटींची वही काढली. मस आणि तीळ मिळून चौदा बायका होत्या. तिनं एकेकीला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. "मी तुमचा तीळ काढला होता. मला ते काम येत नव्हतं. ती जागा त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा." एक हसली. एकीनं विचारलं, आता काय नवीन दुकान काढलंय का. एकीच्या नवऱ्यानं फोन घेऊन पोलिसांचं नाव काढलं. पाचवी बाई नुसती रडायला लागली आणि बेबी तिच्यासोबत फोनवर बसून राहिली. संध्याकाळपर्यंत घसा बसला. त्या महिन्यात पार्लर निम्मं रिकामं झालं. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या बायका समोर बघून चालत. अकरा जणी डॉक्टरकडं जाऊन आल्या. कुणाला काही निघालं नाही. बेबीनं त्यासाठी कुणाचे आभार मानावेत हे तिला कळेना.

चौथ्या सलाइननंतरच्या रविवारी, सकाळी, वहिनी एकेक पायरी उतरत खाली आली. तिनं आतल्या खोलीत येऊन पडदा ओढला आणि खुर्चीत बसून श्वास जमवला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, दर महिन्याला सगळं अंग बघायचं. ज्याला एक झाला त्याला दुसरा होऊ शकतो," ती म्हणाली. "हात, पाय, पोट माझं मी बघते. तळवेसुद्धा. पाठ दिसत नाही."

"लेकीला सांग ना."

"तिचे डोळे भरतात. मग तिला काय दिसणार? ह्यांना चष्मा लावूनही तीळ आणि माशी एकच." ती पाठ फिरवून बसली आणि ब्लाउजची बटणं काढू लागली. "तू बघ."

"वहिनी, मी?"

"तुझेच डोळे चांगले आहेत. त्या सर्जनबाईंसमोर तू एकेक सांगत होतीस तेव्हा मी ऐकलंय."

बेबीनं हात धुतले. पुन्हा धुतले. ही पाठ तिनं कितीदा चोळली होती, पण आता बोट टेकवताना तिला परवानगी मागावीशी वाटत होती. ती मानेपासून सुरू झाली. कागदावर पाठीचा आकार काढला आणि एकेक तीळ त्यावर टिंबानं मांडत गेली, शेजारी मिलिमीटर लिहीत. वहिनीचे मणके आता मोजता येत होते. सतराव्या टिंबापाशी, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, बेबी थांबली.

"काय झालं?"

"एक आहे. एकाच रंगाचा आहे. पण कड एका बाजूला पुसट वाटते." तिनं परत पाहिलं, मग मोजपट्टी लावून मोजलं. "चांगला की वाईट, मला सांगता येत नाही, वहिनी. उद्याच डॉक्टरांना दाखवू."

वहिनीच्या पाठीवर काटा आला. तो बेबीला बोटाखाली जाणवला.

तो साधाच तीळ निघाला, पण ते कळायला पुढचा आठवडा उजाडावा लागला. त्या वेळी दोघींनाही काही माहीत नव्हतं, आणि दोघीही हलल्या नाहीत.

पडद्यापलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनीला हाताला धरून कुणीतरी खाली आणलं असणार, हे बेबीच्या तेव्हा लक्षात आलं. दादा इतका वेळ बाहेरच्या खोलीतच बसला होता. पडदा जरासा बाजूला झाला. त्याच्या हातात कामावरची टॉर्च होती, लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना तो न्यायचा ती. सहा महिन्यांत त्यानं बहिणीकडं सरळ पाहिलं नव्हतं. आताही तो पाठीकडंच बघत होता.

त्यानं टॉर्च लावली आणि बेबीच्या खांद्यावरून प्रकाश पुढं धरला.

"कुठला?" त्यानं विचारलं. "मला दाखव."